पाय जुळवून, डोळे मिटून

“काही न करता उभं राहायला शिकण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, तुम्ही निदान पेन्सिली तरी नीट तासत जा.”

चित्रकलेच्या कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मावशी एकदा असं म्हणाल्या होत्या, आणि मुलं हसली होती. मुलांना वाटलं, मावशी गंमत करतायत. मावशी गंमत करत नव्हत्या. त्या कॉलेजात त्यांचं काम एकच होतं. वर्गाच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी चौथऱ्यावर, राखाडी चादर अंगाभोवती लपेटून, सर सांगतील तसं उभं राहायचं आणि सगळ्यांचं चित्र होईपर्यंत हलायचं नाही. बाकीच्या जगात माणसं काहीतरी करून दाखवतात तेव्हा कुठे कुणी त्यांच्याकडे बघतं. मावशींकडे अख्खा वर्ग टक लावून बघायचा आणि त्या काहीच करत नसायच्या. असलं भाग्य एरवी पुतळ्यांनाच लाभतं, आणि पुतळ्यांच्या डोक्यावर कबुतरं बसतात.

या काहीच न करण्यात पुष्कळ काही करावं लागायचं. समोरच्या भिंतीतला एक खिळा हेरून नजर त्याच्यावर टांगून ठेवायची. वजन टाचांवर द्यायचं नाही, बोटांवरही नाही. तळव्याच्या मध्ये ते निवांत बसू द्यायचं. गुडघे फार ताठ करायचे नाहीत, भोवळ येते. नाकाला खाज सुटली तर तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही, ती शेजारणीच्या नाकाला सुटली आहे असं समजायचं. मधल्या सुट्टीआधी मुलं त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ मारायची, म्हणजे नंतर पावलं पुन्हा त्याच जागी यावीत. मावशींना त्या रेघेचा राग यायचा. त्या चहा पिऊन यायच्या, खाली न बघता चौथऱ्यावर चढायच्या, आणि बरणीवर तिचंच झाकण बसावं तशी पावलं रेघेत बसायची.

“तुझं बरं आहे,” नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. “मी दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तेलात हात घालतो. तू नुसती उभी राहतेस.”

“मग या एक दिवस माझ्या जागी.”

“माझं चित्र कोण काढणार?”

“तेच म्हणते मी.”

असं सगळं सुरळीत चाललं होतं. गडबड सुरू झाली ती रंगाच्या ट्यूबांपासून. वर्गातल्या मुलांचा पिवळा रंग भराभर संपायला लागला. मावशींच्या गालाचा रंग कालवताना मुलं आधी चिमूटभर पिवळा घालायची, मग बोटभर घालायला लागली, मग त्यात हिरव्याचा एक ठिपकाही पडायला लागला. तांबड्याच्या ट्यूबा तशाच पडून राहिल्या, टोपणं चिकटून बसलेल्या.

“मावशी, तुमच्यापायी माझा पिवळा संपला,” एक मुलगा कुरकुरला.

“माझ्यापायी कशाला? तूच थापतोस भिंतीला गिलावा केल्यासारखा.”

“अहो, दिसतंच तसं!”

चित्रकारांची एक अडचण असते. त्यांना माणूस दिसत नाही, माणसावर पडलेला उजेड दिसतो. बाई पिवळी दिसते, म्हणजे दिवा पिवळा आहे. याहून वेगळा अर्थ त्यांच्या शास्त्रात बसत नव्हता. त्यामुळे आधी दिवा बदलला. मग खिडकीचा पडदा बदलला. तरी पिवळेपणा जाईना, तेव्हा समोरच्या भिंतीचा रंग मावशींच्या तोंडावर परावर्तित होतो असा शोध लागला आणि भिंतीला पांढरा रंग दिला गेला. रंगाऱ्याने भिंत घासताना त्यातला खिळाही उपटून टाकला.

त्या खिळ्याची किंमत मावशींशिवाय कुणाला कळण्यासारखी नव्हती. कारण त्याच सुमाराला मावशींच्या पावलांनी त्यांच्याशी अबोला धरला होता. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग तळव्यांखाली कुणीतरी कापूस अंथरलाय असं वाटायला लागलं, आणि मग कापूसही कळेना. रस्त्याने जाताना चप्पल पायातून निसटून मागे राहायची. मावशी तशाच चार दुकानं पुढे जायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा खाली वळल्या की त्यांना कळायचं, आपला एक पाय अनवाणी आहे. जीभ गुळगुळीत, लालबुंद झाली होती. चहाचा घोट घेतला की निखारा ठेवल्यासारखी पोळायची. दोन जिने चढले की छातीत धडधड व्हायची. दिवसभर त्या भिंतीतल्या खिळ्याला डोळ्यांनी धरून उभ्या राहत होत्या, आणि तोच आता गेला होता.

हे त्यांनी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. उभं राहणाऱ्या बाईने पायांबद्दल तक्रार कशी करायची?

घरी मात्र लपवता येईना. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद एक दिवस खाली आली आणि दारातच थबकली.

“वहिनी, काय गं हे! तू खातेस की नाही काही?”

“खाते की.”

“मग जातं कुठे ते? उद्यापासून बीट. सकाळ-संध्याकाळ. रक्त वाढतं त्याने.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? रंग बघ ना त्याचा!”

थोडक्यात, घरातही चित्रकारच होते. बीट आलं, डाळिंब आलं. नवरा काही न बोलता कलेजी घेऊन आला आणि स्वतः शिजवायला बसला. ती अशी शिजली की लिफ्टच्या दाराला रबर म्हणून लावता आली असती. गल्लीतल्या डॉक्टरांनी लोहाचं लाल औषध दिलं, बाटलीवर गोबऱ्या गालांच्या बाळाचं चित्र होतं. मावशींनी सगळं निमूटपणे खाल्लं आणि प्यायलं. नणंद रोज त्यांना खिडकीपाशी उभं करायची, खालची पापणी ओढून बघायची आणि म्हणायची, “आलाय हं थोडा रंग.” रंग आला नव्हता. नणंदेच्या बोटांना बिटाचा लागलेला होता.

आता कुणी म्हणेल, कॉलेजात एक डॉक्टर होते, त्यांना कसं दिसलं नाही? होते. मुलांना शरीररचना शिकवायला ते आठवड्यातून एकदा यायचे. त्यांच्या हातात एक लांब काठी असायची, म्हणून मुलं त्यांना काठीडॉक्टर म्हणायची. ते मावशींना चौथऱ्यावर उभं करायचे आणि काठीच्या टोकाने एकेक अवयव दाखवायचे.

“हा स्नायू मान वळवतो. हे गळ्याखालचं हासळीचं हाड. आणि हा गाल. कातडीखाली केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यामुळे माणसाच्या गालाला ही अशी गुलाबी झाक येते. लिहून घ्या.”

काठी मावशींच्या पिवळ्या गालापासून बोटभर अंतरावर थांबली होती. अख्ख्या वर्गाने वहीत ‘गुलाबी’ असं लिहून घेतलं.

“डॉक्टरसाहेब,” मावशी हळूच म्हणाल्या, “माझ्या पायांना जरा—”

“बोलू नका. मानेचा स्नायू हलतोय.”

तर असे दिवस चालले होते, आणि एका दुपारी सर चौथऱ्यासमोर येऊन बराच वेळ मावशींकडे बघत राहिले. हे सर वर्गाचे मुख्य. ते दर दोन वाक्यांनंतर एक लांब उसासा सोडायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव उसासेसर ठेवलं होतं. सरांची चित्रं करडी, मोठी आणि दुःखी असायची. ती विकत घेणाऱ्यांची घरंही तशीच होती असं म्हणत.

“बाई,” सर म्हणाले, “दिव्याची चूक नव्हती.”

मावशींना वाटलं, आता चोरी पकडली जाणार.

“भिंतीचीही नव्हती. हा रंग माझ्या दृष्टीतून तुमच्यावर पडतोय. इतकी वर्षं मी ज्या विषण्णतेचा शोध घेत होतो, ती आता बाहेर यायला लागली आहे. मुलांनीही ती माझ्याकडूनच घेतली.” आणि त्यांनी उसासा सोडला.

मावशींनीही सोडला. सुटल्याचा.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या खोलीत माणसाहून उंच कॅनव्हास चढवला. हे चित्र वर्षाच्या मोठ्या प्रदर्शनात जायचं होतं. नावही ठरलं होतं: ‘रिक्त’. मावशींनी पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं, हात सैल सोडून, जणू आत काहीच उरलेलं नाही.

“एवढंच ना?” मावशी म्हणाल्या. हात वर धरून उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. त्यांनी पाय जुळवले. डोळे मिटले. आणि सगळी खोली एका बाजूला कलली. त्यांनी डोळे उघडले तेव्हा कॅनव्हास टेकवलेल्या लाकडी घोडीला त्या दोन्ही हातांनी लटकल्या होत्या आणि रंगाची पाटी पालथी पडली होती.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शरमेने त्यांचं तोंड लाल व्हायला हवं होतं, पण त्याला लागणारा ऐवजच अंगात नव्हता.

“चुकलं सर. पुन्हा उभी राहते.”

“थांबा!” सर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “तो कंप! बाई, तुम्हाला कळतंय का काय झालं ते? अस्तित्वाचा कंप होता तो!”

“नाही हो, तोल गेला.”

“तुम्हाला नाही कळायचं ते.”

त्या संध्याकाळी मावशी घरी गेल्या त्या भिंतीला हात लावत लावत. इतकी वर्षं त्या तसूभर हलल्या नाहीत, तेव्हा कुणी शाबास म्हटलं नव्हतं. आज ढासळल्या, तर अस्तित्व! पायांपेक्षाही हे त्यांच्या जिव्हारी लागलं. पण खरी भीती वेगळीच होती, आणि जिन्याच्या कठड्याला घट्ट धरल्यावर ती नीट समोर आली. उभं राहणं एवढंच त्यांना येत होतं. तेच गेलं तर मागे राहणारी बाई कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

सकाळी त्या कुणाला न सांगता मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. ओळीत बसून बसून शेवटी त्यांचा नंबर लागला. डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती, पण घाईतही माणसाच्या तोंडाकडे बघत होती.

“काकू, जीभ दाखवा.” तिने बघितली, पुन्हा बघितली. “झोंबते का?”

“चहासुद्धा पिववत नाही.”

“पायांत मुंग्या? चप्पल सुटलेली कळत नाही?”

मावशी चमकल्या. “तुम्ही पाहिलंत मला रस्त्यात?”

“नाही हो. बरं, आता पाय जुळवा, डोळे मिटा आणि नुसत्या उभ्या राहा.”

मावशींना हसूच आलं. “डॉक्टर, हा तर माझा धंदाच आहे. किती वेळ राहू?”

“जेवढं जमेल तेवढं.”

“मधली सुट्टी होईपर्यंत राहीन,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा त्या नर्सच्या मिठीत होत्या.

“कुणी ढकललं मला?”

“कुणी नाही, काकू,” डॉक्टरीण म्हणाली. खुर्ची पुढे सरकवून तिने मावशींना बसवलं, आणि मग मावशी रडल्या, अगदी लहान मुलीसारख्या, नर्सच्या बाहीला नाक पुसत.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटात दुर्बीण घालून झाली. निदान झालं ते नाव मावशींच्या झोंबणाऱ्या जिभेला पेलणारं नव्हतं: पर्निशियस ॲनिमिया. अंगातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व संपलं होतं. त्यामुळे रक्त नीट तयार होत नव्हतं आणि पायांच्या नसाही सुकत चालल्या होत्या.

“मग बीट वाढवू का?” मावशींनी विचारलं.

“बिटात हे नसतं.”

“आणि कलेजी?”

“कलेजीत भरपूर असतं. पण जेवणातलं हे जीवनसत्त्व उचलून पुढे न्यायला पोटात एक हमाल लागतो. तुमच्या शरीराने त्या हमालालाच चोर समजून हाकलून दिलंय. आता माल रोज दारात येतो आणि तसाच निघून जातो. तुम्ही खाण्यात काही कमी केलेलं नाही, काकू.”

एवढं ऐकूनच मावशींना निम्मं बरं वाटलं. “मग आता?”

“दार बंद आहे तर खिडकीतून द्यायचं. इंजेक्शन. आधी दिवसाआड, पाय सुधारत जातील तसं अंतर वाढवू, मग दर दोन-तीन महिन्यांनी. आयुष्यभर.”

“आणि पाय?”

“बहुतेक येतील परत. पण नसा फार दिवस वाट बघत नाहीत. सुरुवातीची इंजेक्शनं चुकवलीत तर जे जाईल ते गेलंच. एकही चुकवायचं नाही.”

घरी ही बातमी दोन तऱ्हांनी पोचली. नणंद बिटाच्या बाजूने भांडली.

“एवढं बीट फुकट गेलं म्हणतेस?”

“फुकट कसं? तुझी बोटं बघ किती छान झालीत.”

नवरा मात्र ‘आयुष्यभर’ या शब्दापाशी अडकला होता. “म्हणजे बरं कधीच होणार नाही?”

“अहो, तुम्ही लिफ्टच्या चाकांना तेल कधी घालता?”

“दर तीन महिन्यांनी.”

“मग लिफ्ट आजारी असते का?”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्या दिवसापासून तो इंजेक्शनच्या बाबतीत बायकोपेक्षा कडक झाला. सकाळी उठल्याउठल्या विचारायचा, “आज तेल आहे ना?”

मावशींनी सरांनाही रीतसर सांगितलं. “सर, माझ्या अंगात रक्त कमी आहे. इंजेक्शनं सुरू झालीत. दिवसाआड जरा उशिरा येईन.”

“हो हो, घ्या ना,” कुंचल्यावरची नजर न हलवता सर म्हणाले. चौथऱ्यावरच्या बाईकडे बघायचं असतं; तिचं ऐकायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दोनेक आठवड्यांत जिभेची आग निवाली. मावशी चहा गरम पिऊ लागल्या. जिना चढताना धडधड थांबली. आणि मग, आस्ते आस्ते, गालांवर रंग यायला लागला. मुलांच्या तांबड्या ट्यूबांची टोपणं दातांनी उघडली जाऊ लागली. मुलं खूश होती. सर मात्र खचले.

त्यांनी दिव्यांना दोष दिला नाही, कारण दिव्यांना त्यांनी जाहीरपणे निर्दोष ठरवलं होतं. रंग त्यांच्या दृष्टीतून येत होता. तो आता येत नाही, म्हणजे दृष्टी गेली. विषण्णता कुठे गळली? त्यांनी बायकोच्या हातच्या जेवणावर संशय घेतला आणि एक वेळचं सोडलं. दाढी वाढवली. रात्री उशिरापर्यंत जुने अपमान आठवत बसले. तरी सकाळी कॅनव्हाससमोर यावं तर बाई आणखी गुलाबी. शेवटी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने सांगितलं, डोळे उत्तम आहेत. हे ऐकून सर आणखीच कोसळले.

मावशींना त्यांची दया आली. एका सकाळी चौथऱ्यावरून खाली उतरून त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या नजरेला काही झालेलं नाही. मी बरी होतेय.”

“म्हणजे?”

“मी मागे सांगितलं होतं ना, रक्त कमी आहे म्हणून. त्याने माणूस पिवळा पडतो. आता इंजेक्शनं चाललीत.”

सर स्टुलावर बसले.

“म्हणजे तो रंग आजाराचा होता?”

“हो.”

“आणि तो कंप?”

“तोही.”

दुसरा कुणी असता तर इथे खजील झाला असता, किंवा निदान ‘आता कसं वाटतंय’ असं तरी म्हणाला असता. सरांनी उसासा सोडला आणि विचारलं, “ही इंजेक्शनं थोडे दिवस थांबवता येणार नाहीत का? प्रदर्शनापर्यंत?”

मावशींना वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

“बघा बाई, शरीर काय, बिघडतं, सुधारतं. चित्र राहतं. या चित्रात तुम्ही अजरामर व्हाल. आणि हे कुणाला बोलायचं नाही. आजार वगैरे म्हटलं की लोकांना चित्र दिसेनासं होतं.” मग दाराकडे बघत ते म्हणाले, “तुमचं नसेल जमत तर तसं सांगा. पुढच्या वर्षी वर्गासाठी मला दुसरी बाई बघायला लागेल. उभं राहायला काय, कुणीही मिळतं.”

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन होतं. त्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

त्यांच्या डोक्यात चौथरा होता, यात नवल नव्हतं. पण अजरामर हा शब्दही होता, याचं त्यांनाच नवल वाटलं. आजवर त्यांची चित्रं किती झाली असतील कोण जाणे, पण एकही कुणी भिंतीवर लावलं नव्हतं. मुलं त्या चित्रांवरच पुढच्या आठवड्यात फळांची टोपली रंगवायची. पावसाळ्यात वर्गाचं छप्पर गळलं तेव्हा मावशींच्याच एका चित्राने भोक बुजवलं होतं. पुढचे कितीतरी महिने त्या छतातून स्वतःकडे बघत उभ्या होत्या. एकदा तरी चौकटीत, उजेडात, लोक थांबून बघतायत असं. त्यासाठी थोडेच दिवस तर पिवळं राहायचं होतं.

त्या वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापाशी त्यांच्या उजव्या तळव्यात काहीतरी कचकन रुतलं. “आई गं!” म्हणून त्या थांबल्या. खाली बघितलं तर खडीचा एक कपचा, आणि पाय अनवाणी. चप्पल दोन पावलं मागे पडली होती.

आजूबाजूला कुणाचंही लक्ष नव्हतं. कुणाच्या नजरेवरून हे कळलेलं नव्हतं. पायाने सांगितलं होतं. मावशींनी तो पाय पुन्हा त्या कपच्यावर ठेवला आणि हळूच दाबला. दुखलं. त्यांनी आणखी दाबला. इतकं सुंदर दुखणं त्यांनी जन्मात अनुभवलं नव्हतं. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, “बाई, चप्पल बदलायची का?” मावशी म्हणाल्या, “नको, आता हीच चालेल,” आणि चप्पल हातात घेऊन, एक पाय अनवाणी ठेवूनच, त्या आल्या वाटेने हॉस्पिटलात परत गेल्या.

“उशीर झाला, काकू,” नर्स म्हणाली.

“होणार होता,” मावशी म्हणाल्या, “पण नाही झाला.” आणि त्यांनी बाही वर केली.

सरांना एवढंच कळलं की बाई गुलाबीच आहे. दुसऱ्या दिवशी मावशींना शिपायाने दारातच सांगितलं की सरांनी तुम्हाला विश्रांती घ्यायला सांगितलंय. आत चौथऱ्यावर एक सुरई आणि दोन कांदे ठेवले होते, आणि मुलं ते काढत होती. कांदे अजिबात हलत नव्हते.

मधले दिवस मावशींनी घरात उभं राहून काढले. स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून, पाय जुळवून, डोळे मिटून. सुरुवातीला नवरा हात पसरून पुढ्यात उभा राहायचा, लिफ्टचा पाळणा तुटला तर झेलायला राहावं तसा. “या बाजूला कललीस. आता त्या बाजूला. आता बरी आहेस.” मग कधीतरी त्याने हात खाली घेतले. मग तो वर्तमानपत्र वाचायला लागला.

कॉलेजच्या ऑफिसातून प्रदर्शनाचं आमंत्रण आलं तेव्हा ‘रिक्त’ला पहिलं बक्षीस मिळाल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी गेल्या. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, नणंद नटूनथटून आली होती. मोठं दगडी दालन होतं, आणि समोरच्या भिंतीवर, बुटक्या मंचामागे, चित्र. भोवती गर्दी थांबली होती, अगदी मावशींनी फाटकापाशी मनात पाहिलं होतं तशी.

तोंड मावशींचंच होतं, त्या दिवसांतलं, मेणासारखं पिवळं. मानेखाली मात्र काहीतरी निराळंच होतं.

“वहिनी,” नणंद कुजबुजली, “तुझे खांदे असे कुठे आहेत?”

मावशींनी निरखून बघितलं आणि ओळखलं. सरांच्या खोलीत कोट अडकवायचा लाकडी खांब होता. त्यालाच राखाडी चादर गुंडाळून सरांनी उरलेलं चित्र पुरं केलं होतं. चादरीतून खुंटीचं टोक वर आलेलं दिसत होतं.

“ते खांद्याचं हाड बघा,” शेजारचे एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणत होते. “काय वेदना आहे त्यात!”

भाषणं झाली. काठीडॉक्टर बोलायला उभे राहिले. आज हातात काठीऐवजी फुलांचा गुच्छ होता, आणि तो ते काठीसारखाच चित्रावर रोखत होते. “माझं आयुष्य मानवी शरीर बघण्यात गेलं आहे,” ते म्हणाले. “मी जबाबदारीने सांगतो, जिवंत माणसाच्या कातडीला हा रंग असूच शकत नाही. इथे शास्त्र संपतं आणि कलावंताची कल्पना सुरू होते.” टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी मान खाली घातली. ती घालताना त्यांची नजर गर्दीतल्या मावशींवर पडली आणि त्यांनी हातातला सरबताचा पेला घट्ट धरला. चित्रातल्यासारखा पिवळा रंग जिवंत माणसाच्या तोंडावर येऊ शकतो, याचा पुरावा आता सरांचंच तोंड देत होतं.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “त्या बाई आल्यात का? त्यांना चित्राशेजारी उभं करा ना! तशाच, डोळे मिटून!”

“हो, हो!” गर्दी म्हणाली. “चला, बाई.”

सर काहीतरी बोलायला गेले, पण आवाज फुटला नाही. मावशींनी मंचापाशी चपला काढल्या आणि दगडी फरशीवर पाऊल टाकून वर चढल्या. समोर नुसती डोकी होती, नजर टांगायला कुठे खिळा नव्हता. त्यांनी पाय जुळवले. हात सैल सोडले. डोळे मिटले.

काळोख झाला, आणि काळोखात पावलं बोलू लागली. फरशी गार आहे, ती म्हणाली. इथे दोन फरशांमधली सांध आहे, डाव्या टाचेखाली. इथे वाळूचा कण आहे. डाव्या पायाची करंगळी अजून रुसलेली होती, पण बाकीच्या नऊ जणी तिची बाजू सांभाळून घेत होत्या. वजन कुणी न सांगता तळव्याच्या मध्ये जाऊन बसलं. खोली कलली नाही. मावशी उभ्या राहिल्या. वर्गात राहायच्या तशा, खडूच्या रेघेला लाजवील अशा.

दालन शांत झालं होतं. मग कुजबुज सुरू झाली.

“नाही. ते नाही येत.”

“चित्रात जे आहे ते यांच्यात नाहीच.”

“फारच ठणठणीत दिसतायत हो.”

“अन् ताठ किती! चित्रात कसा एक कंप आहे.”

“तेच तर!” सरांचा आवाज परत आला होता, आणि त्यामागोमाग उसासाही. “मॉडेल म्हणजे नुसतं निमित्त असतं.”

गर्दीच्या मागून मावशींच्या नवऱ्याचा आवाज आला. तो कुणातरी अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होता, “हलली नाही! बघितलंत? एवढीशीसुद्धा हलली नाही!”

“शूः!” तो माणूस म्हणाला.

मावशींनी डोळे उघडले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. काठीडॉक्टरांचा गुच्छ खाली आला होता. सरांनी पेला दोन्ही हातांनी धरला होता. आता ही बाई तोंड उघडणार. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. मग चित्रातल्या खुंटीकडे बघितलं. मग त्या मंचावरून खाली उतरल्या, चपलांत आधी उजवा पाय घातला, मग डावा, अंगठे पट्ट्यात नीट बसवले आणि दाराकडे चालू लागल्या. गर्दीने वाट दिली. दोन्ही चपला त्यांच्याबरोबर दाराबाहेर गेल्या.